मुंगूस वजनदार, शिंपी आवाजदार

तराजूच्या एका पारड्यात धट्टंकट्टं मुंगूस बसवा आणि दुसऱ्यात एकेक करून शिंपी पक्षी ठेवत जा. काटा मधे यायला किती शिंपी लागतील? मोठ्या मुंगसाचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं, शिंप्याचं सात-आठ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दोनशे शिंपी! दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, ते तळहातावर ठेवलं की शिंप्याच्या वजनाचा अंदाज येतो. आता सकाळी प्रताप नगर चौकातून खामल्याकडे निघा आणि आतल्या कुठल्याही गल्लीत वळा. कंपाउंडच्या जास्वंदीतून ‘टुविट टुविट टुविट’ असा जो दणका सुरू असतो, तो या पावणेआठ ग्रॅमवाल्याचा. दीड किलोवाला नालीच्या कडेनं, एक शब्द न बोलता, बाजूच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पसार झालेला असतो.

त्रिमूर्ती नगर, स्वावलंबी नगर, दीनदयाल नगर, प्रताप नगर हा नागपूरचा सगळा नैर्ऋत्य पट्टा या दोघांच्या सोयीचा होता. घराला अंगण, अंगणात सीताफळ नाहीतर देशी बदाम, मागच्या बाजूला विटांचा ढीग आणि शेजारी वर्षानुवर्षं न बांधलेला एखादा प्लॉट. पलीकडे सोनेगावचा तलाव आणि विमानतळाची मोकळी जागा. अशा ठिकाणी मुंगूस आणि शिंपी एकमेकांचे शेजारी होणारच. आज राजेहो, या दोन शेजाऱ्यांची जुगलबंदी.

पुस्तकातही शेजारीच

गंमत म्हणजे ही जोडी जगप्रसिद्ध आहे. १८९४ मध्ये रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ आलं. त्यातल्या ‘रिक्की-टिक्की-टावी’ या गोष्टीचा नायक मुंगूस आहे आणि त्याच बागेत राहणारं एक पात्र आहे दर्जी, म्हणजे आपला शिंपी. खलनायक कोण, तर नाग आणि नागीण. गोष्ट घडते बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीत, त्यामुळे नागपूरचा संबंध काय, असं कोणी विचारेल. तर त्याच पुस्तकातला मोगली सिवनीच्या डोंगरांतला. सिवनी इथून जबलपूर रोडनं सव्वाशे किलोमीटरवर, वाटेत पेंचचं जंगल. उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मं नागपूर तिकडे सफारीला जातं.

किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. पण ‘जंगल बुक’ त्यानं लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून. सिवनीच्या जंगलाची माहिती त्यानं रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या माणसाच्या १८७७ च्या पुस्तकातून उचलली. आणि हा स्टर्नडेल कोण? जानेवारी १८८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल सुरू झालं, त्याच्या पहिल्या दोन संपादकांपैकी एक. दुसरा संपादक एडवर्ड हॅमिल्टन एटकन, १८५१ साली साताऱ्यात जन्मलेला, जकात आणि मिठाच्या खात्यात नोकरी करणारा. हे एटकनसाहेब लक्षात ठेवा. शिंप्याला कापूस पुरवण्याच्या कामी ते पुन्हा येणार आहेत.

किपलिंगनं दर्जीला थोडा बावळट रंगवलाय. संकट संपायच्या आधीच विजयाची गाणी म्हणत बसणारा, आणि मुंगसाच्या शिव्या खाणारा. डोकं चालतं ते त्याच्या बायकोचं. ती पंख मोडल्याचं सोंग करते आणि नागिणीला अंड्यांपासून दूर नेते. हे सोंग निसर्गात खरंच आहे, पण ते मुख्यतः जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं. शिंप्याचं घरटं पानात लपलेलं, त्याला या नाटकाची फारशी गरज नाही. शिंप्याच्या पिल्लांना मुंगूस मित्र वाटावा, हीसुद्धा लेखकाचीच कृपा. अंडी आणि घरट्यातून खाली पडलेलं पिल्लू हे दोन्ही पदार्थ मुंगसाच्या आवडीचे आहेत.

साप? असला तर असला

‘साप-मुंगसाचं वैर’ हा आपल्याकडे दोन भावांच्या प्लॉटच्या वाटणीपासून मनपाच्या निवडणुकीपर्यंत कुठेही लागू होणारा शब्दप्रयोग आहे. त्यामुळे मुंगूस सकाळी उठतं ते नागाच्या शोधातच, असा आपला समज. प्रत्यक्षात त्याचा रोजचा मेनू म्हणजे उंदीर, घुशीची पिल्लं, टोळ, भुंगेरे, विंचू, सरडे, बेडूक, पक्ष्यांची अंडी आणि जमलं तर झाडाखाली पडलेली फळं. मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असलेलं हे जनावर पिकलेल्या फळाला नाही म्हणत नाही. साप हा या मेनूतला एक पदार्थ आहे, तोही समोर आला तर.

समोर आलाच तर मात्र बघण्यासारखं असतं. मुंगसाच्या प्रत्येक केसावर फिकट आणि काळे पट्टे एकाआड एक असतात, म्हणून अंगाचा रंग मीठ-मिरी मिसळल्यासारखा दिसतो. चिडलं की हे राठ केस उभे राहतात, शेपटी झाडूसारखी फुलते आणि ते होतं त्यापेक्षा बरंच जाडजूड दिसायला लागतं. नागाचा फटका पडतो तो बऱ्याचदा या केसांतच. मुंगूस पुढे येतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं. नाग दमतो, फणा खाली येतो आणि त्या क्षणी डोक्याचा चावा. सगळा खेळ दमवण्याचा आहे.

मग विषाचं काय? पूर्वीचे लोक सांगत की मुंगसाला साप चावला की ते रानात पळत जाऊन कुठलीशी मुळी खाऊन येतं. किपलिंगनं १८९४ मध्येच आपल्या गोष्टीत हे खोटं असल्याचं ठणकावून सांगितलं होतं. जिंकतात ते डोळे आणि पाय, असं त्याचं म्हणणं. निम्मं बरोबर. उरलेलं निम्मं उत्तर यायला आणखी ९८ वर्षं लागली. १९९२ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इजिप्शियन मुंगसाच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागाच्या विषातला एक भाग स्नायूंवरच्या ज्या जागी जाऊन चिकटतो आणि श्वास बंद पाडतो, ती जागाच मुंगसात बदललेली आहे. विषाचा रेणू तिथं नीट बसत नाही, म्हणून स्नायू चालत राहतात. नागांच्या स्वतःच्या शरीरातही अशीच तजवीज असते, नाहीतर स्वतःच्या विषानं तेच आधी आडवे झाले असते. आणि पुढच्या अभ्यासात याच यादीत आणखी एक नाव निघालं: डुक्कर! पौराणिक गोष्टींमध्ये साप-डुकराचं वैर कोणी का लिहिलं नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

तरी मुंगूस विषापासून पूर्ण सुरक्षित आहे असं समजू नका. भरपूर विष गेलं तर तेही मरतं. घोणसाचं विष वेगळ्या पद्धतीनं, रक्तावर आणि रक्तवाहिन्यांवर काम करतं, तिथं स्नायूंमधली ही तजवीज कामाची नाही.

आता पन्नाशी-साठी पार केलेल्यांना गारुडी आठवत असेल. सीताबर्डीसारख्या गर्दीच्या ठिकाणी टोपलीत नाग, दोरीला मुंगूस, आणि ‘आता लढत लावतो, आता लढत लावतो’ म्हणत तासभर चाललेली बडबड. ताईत विकून झाले, पैसे गोळा झाले की खेळ खलास. लढत क्वचितच लागायची. कारण सरळ आहे, नाग मेला तर उद्याच्या धंद्याचं काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे खेळ बेकायदा केले, आणि मुंगूस पकडणं, पाळणं, विकणं हेही.

शिलाई: गाठ न मारता

शिंप्याचं नाव ज्या कामामुळे पडलं, ते काम मात्र ऐकीव नाही. साडेचार-पाच इंचांचा हा पक्षी, डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, शेपटी कायम वर. चोच बारीक, किंचित बाकदार. एवढंच त्याचं शिलाई मशीन.

आधी तो पान निवडतो. रुंद, लवचीक आणि मुख्य म्हणजे झाडावर जिवंत असलेलं. देशी बदाम, अंजीर, वांग्याचं झाड, जास्वंद, कुंडीतली मोठ्या पानांची शोभेची झाडं, काहीही चालतं. एक पान पुरेसं मोठं असेल तर त्याच्याच दोन कडा जवळ आणायच्या. नसेल तर दोन-तीन पानं जोडायची. मग कडेला चोचीनं बारीक भोकं पाडायची आणि त्यातून धागा ओवायचा. धागा म्हणजे झाडाचे तंतू, कोळ्याचं जाळं, अळीच्या कोशाचं रेशीम, कापूस, आणि माणसांच्या वस्तीत दोऱ्याचे तुकडेसुद्धा.

इथं एक जुना घोटाळा आहे. एकोणिसाव्या शतकातले प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ जर्डन यांनी लिहून ठेवलं की शिंपी धाग्याला गाठ मारतो. गाठ अजिबात नसते. भोकातून बाहेर आलेल्या धाग्याचं टोक पिंजल्यासारखं फुलतं आणि पुन्हा मागे सरकत नाही. म्हणजे आपण ज्याला शिवण म्हणतो, ते खरं तर रिव्हेट मारणं आहे. कधी एका भोकातला धागा शेजारच्या भोकात नेला जातो, तेव्हा ते दिसतं शिवणीसारखं. श्रीलंकेत केसी वुड नावाच्या अभ्यासकानं शिंप्याच्या कारागिरीचे चक्क चार प्रकार पाडले होते: शिवणं, रिव्हेट मारणं, नाडीसारखं ओवणं आणि पिंजून थापणं. रेशीमबागेतला एखादा टेलर मास्टर हे ऐकून नोकरीची ऑफर द्यायचा.

आता चलाखी बघा. पानाची वरची, गर्द हिरवी बाजू घरट्याच्या बाहेर राहते, त्यामुळे झाडाकडे पाहिलं तर नुसती पानं दिसतात. भोकं इतकी बारीक की पान वाळत नाही, कडा तपकिरी पडत नाहीत. घर हिरवं राहतं, झाडाला लटकलेलं राहतं आणि पाऊस वरून ओघळून जातो. आत कापसाची, सावरीच्या बोंडातल्या तंतूंची मऊ गादी.

कापसावरून एटकनसाहेब. शिंप्याला माणसानं दिलेला कापूस चालतो का, यावर जुन्या निरीक्षकांत दोन तट होते. एकानं कापूस ठेवून पाहिला, पक्ष्यानं ढुंकून पाहिलं नाही. एटकनच्या शिंप्यांनी मात्र तो बिनतक्रार वापरला. मला एटकनची बाजू पटते. विदर्भातला शिंपी कापसाला नाही म्हणेल हे शक्य आहे का? ज्या शहरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, जिथं १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, त्या शहरात पक्ष्यालाही कापसाची पारख असायला हवी.

आणि एक सावधगिरी. पानं शिवलेलं प्रत्येक घरटं शिंप्याचं नसतं. राखी वटवट्या नावाचा त्याचा चुलत भाऊ आहे. गवतात, कुंपणावर दिसतो, आणि तोही कधी कधी पानं टाचून अगदी असंच घरटं करतो. ओळख अंड्यावरून पटते: वटवट्याची अंडी विटकरी आणि चकचकीत, शिंप्याची फिकट आणि तांबूस ठिपक्यांची. पण म्हणून पान उघडून बघायला जाऊ नका. घरट्याला वारंवार हात लागला की आई-बाप ते सोडून देण्याचा धोका असतो, आणि ती शिलाई आपल्यानं पुन्हा होणार नाही.

दोन शुभशकुन, दोन चोर

महाराष्ट्रात सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो. विदर्भातली पोट्टी मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात, आणि ते खरंच थांबून वळून बघतं. शपथेचा मान वगैरे सोडा, पळता पळता थांबून मागचा धोका तपासणं ही त्याची सवयच आहे. पण पोट्ट्यांचा विश्वास कशाला मोडा?

भारद्वाजाचंही तसंच. तांबड्या पंखांचा, लालभडक डोळ्यांचा, काळाभोर भारद्वाज दिसला की आजी हात जोडते. आता हीच गोष्ट शिंप्याच्या घरट्यातून बघा. भारद्वाज घरटी शोधून पिल्लं खाणाऱ्यांत अट्टल. मुंगूस खालून येणारा. मांजर, उंदीर आणि सरडे वेगळेच. म्हणजे आपले दोन्ही शुभशकुन शिंप्याच्या दारात दरोडेखोर म्हणून उभे. वर कारुण्य कोकिळा नावाची पाहुणी शिंप्याच्या घरट्यात अंडं टाकून निघून जाते आणि त्या पिल्लाला वाढवता वाढवता आई-बापाची दमछाक होते.

मुंगसाला मात्र पुराणांत फार वरची जागा. कुबेराच्या हातातलं मुंगूस तोंडातून रत्नं ओकतं. पांडवांतला एक भाऊ नकुल, म्हणजे मुंगूसच. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात तर मुंगूस थेट युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात येऊन सगळ्यांना खाली बघायला लावतं. त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालेलं असतं, एका गरीब ब्राह्मण कुटुंबाच्या घरी सांडलेल्या पिठात लोळल्यामुळे. उरलेलं अर्धं अंग सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञात लोळून बघतं आणि एवढ्या मोठ्या यज्ञातही ते होत नाही. पंचतंत्रातल्या मुंगसाचं नशीब वाईट. पाळण्यातल्या बाळाला वाचवायला साप मारला, तोंडाला रक्त लागलं, आणि बाळाच्या आईनं विचार न करता त्यालाच मारलं. शिंप्याच्या वाट्याला अशी एकही मोठी कथा आलेली नाही. बहुधा पानात लपण्याचा हा परिणाम.

संसार किती दिवसांचा?

शिंपी साधारण तीन अंडी घालतो. बारा दिवस उबवणं, चौदा दिवस चारा भरवणं, पिल्लं उडाली. सव्वीस दिवसांत संसार उरकला. मुंगसाची मादी तेवढ्यात अर्ध्या वाटेवरही नसते. तिचे गरोदरपणाचेच दोन महिने, मग बिळात दोन ते चार पिल्लं, ती बाहेर पडून आईच्या मागे रांगेत चालायला लागेपर्यंत आणखी काही आठवडे. शिंप्याला घाई आहे कारण त्याची निम्मीशिम्मी घरटी कोणी ना कोणी लुटतं. एक गेलं की दुसरं शिवायला लगेच सुरुवात. मार्चपासून वर्ष संपेपर्यंत हंगाम, पण जोर जून ते ऑगस्टमध्ये, झाडांना पानं आणि पानांवर अळ्या भरपूर असतात तेव्हा.

नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू रात्री झोपतं कसं, हे मला या सगळ्यात आवडलेलं. आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला, मधे ते. तिघं एका बारीक काटकीवर चिकटून. जागाही बऱ्याचदा घराजवळची, दिव्याच्या उजेडातली. एरवी, हंगाम नसला की, शिंपी एकटाच झोपतो.

नात्यागोत्यात

मुंगूस दिसायला लांबोडकं, तोंड टोकदार, म्हणून ते कुत्र्या-कोल्ह्यांचं कोणीतरी लागत असेल असं वाटतं. नाही. ते मांजराच्या बाजूचं आणि त्यातही तरसाच्या जवळचं. टीव्हीवर मागच्या दोन पायांवर उभे राहून टकमक बघणारे आफ्रिकेतले मीरकॅट हेही मुंगूसच. भारतात मुंगसाच्या सहा जाती आहेत. शहरात दिसतं ते करडं मुंगूस. पेंच-ताडोब्यात शेपटीचं टोक काळं आणि वर वळलेलं दिसलं, तर ते तांबूस मुंगूस, दुसरी जात.

आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसांची एक युक्ती सांगून टाकतो. कडक कवचाचं अंडं मिळालं की ते पुढच्या पायांत धरून, मागच्या पायांच्या मधून, पाठीमागच्या दगडावर फेकतात. क्रिकेटमधले यष्टिरक्षक बघून घ्या.

परदेश दौरा: एक फजिती

शिंपी आयुष्यभर एकाच परिसरात राहतो, थंडीत कुठं जात नाही. मुंगसाला मात्र माणसानं जगभर फिरवलं आणि ते सगळीकडे नापास झालं. हे आपलं करडं नव्हे, त्याचा धाकटा भाऊ, छोटं मुंगूस. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसाच्या शेतातले उंदीर मारायला. १८८३ मध्ये तिथून हवाईला. ठरलं होतं की मुंगूस उंदीर खाईल. पण मुंगूस दिवसा फिरणारं आणि उंदीर रात्री. दोघांची भेट व्हायची तरी कधी? मग मुंगसांनी जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी साफ केली.

जपाननं यातून काही शिकावं की नाही? १९७९ मध्ये अमामी ओशिमा बेटावर सुमारे तीस मुंगसं सोडली, हाबू नावाचे विषारी साप संपवायला. हाबूही रात्रीचाच. मुंगसं वाढत वाढत २००० च्या सुमारास दहा हजारांवर गेली आणि त्यांनी ताव मारला तो जगात फक्त त्या भागात सापडणाऱ्या दुर्मीळ काळ्या सशावर. शेवटी पिंजरे, कुत्रे, खास पथकं लावून एकेक मुंगूस पकडावं लागलं. बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. म्हणजे तीस मुंगसं सोडायला एक दिवस आणि ती संपवायला पंचेचाळीस वर्षांनंतरची तारीख. आपल्या गारुड्याला कोणी विचारलं असतं तर त्यानं फुकट सांगितलं असतं की लढत लावणं सोपं नसतं.

नवतपा, फ्लॅट स्कीम आणि ब्रश

२३ मे २०१३ ला नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. नवतपाच्या दुपारी माणसं कूलरसमोरून हलत नाहीत, तर हे दोघं काय करतात? मुंगूस सरळ बिळात जातं आणि ऊन उतरल्यावर बाहेर येतं. शिंप्याला बीळ नाही, घामाच्या ग्रंथीही नाहीत. त्याच्या शरीराचं तापमान एरवीच एक्केचाळीस अंशांच्या आसपास. तो दाट सावलीत बसून चोच उघडी ठेवतो आणि धापा टाकत अंगातली उष्णता बाहेर घालवतो. मागच्या खिडकीच्या कूलरमधून ठिबकणारं पाणी त्याला तेव्हा अमृत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा रुबाब वेगळाच असतो. काटेसावर फुलली की तो त्या लाल फुलांत मध प्यायला आणि किडे टिपायला शिरतो, डोक्याला पराग फासून निघतो आणि तांबड्या टोपीचा पक्षी दिवसभर सोनेरी डोक्याचा दिसतो. नवखे पक्षिनिरीक्षक मग पुस्तकात ती ‘नवी जात’ शोधत बसतात. नर तार लावून गायला लागला की मानेच्या दोन्ही बाजूंना काळा डाग चमकतो. ती पिसं नव्हेत, ताणल्यावर उघडी पडणारी गडद कातडी. विणीच्या दिवसांत त्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब वाढतात.

प्रताप नगरात सध्या या दोघांचं भवितव्य वेगवेगळ्या दिशेनं चाललंय. जुनी घरं पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहतात, रिकामे प्लॉट भरत चाललेत, रस्ता सिमेंटचा आणि कडेला झाडाच्या बुंध्यापर्यंत गट्टू. मुंगसाला बीळ करायला माती हवी, लपायला अडगळ हवी. स्वच्छ, गुळगुळीत आवारात त्याला जागाच नाही. शिंप्याचं मात्र एका कुंडीवर भागतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या रुंद पानाच्या झाडावर तो आरामात घर शिवतो. म्हणून माझा अंदाज असा, की पुढच्या काही वर्षांत या पट्ट्यात दोनशे विरुद्ध एक ही वजनाची शर्यत संख्येच्या बाबतीत उलटी होईल.

मुंगसावर दुसरं संकट चित्रकलेच्या दुकानातून येतं. त्याचे राठ, लवचीक, पट्टेदार केस रंगाच्या ब्रशसाठी वापरले जातात आणि त्यासाठी त्याला मारलं जातं. कायद्यानं बंदी असूनही हा धंदा चालत आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं देशभर ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ राबवलं, तेव्हा हजारो ब्रश आणि शंभर किलोच्या वर केस जप्त झाले. मुलांसाठी ब्रश घेताना केसांवर फिकट-गडद-फिकट असे नैसर्गिक पट्टे दिसले तर ठेवून द्या आणि नायलॉनचा मागा. स्वस्तही पडतो.

आणि शहरात बघण्यासारखं काय उरलंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह, वीसेक लाख वस्तीचं शहर. तिथं २००९ मध्ये बर्ड फ्लूच्या तपासणीसाठी पक्षी पकडताना एक शिंपी हाती आला, तो कुठल्याच वर्णनात बसेना. अभ्यास झाला, आवाज तपासले, पिसं तपासली, आणि २०१३ मध्ये शिंप्याची एक संपूर्ण नवी जात जाहीर झाली. ती सापडली कुठे, तर राजधानीच्या हद्दीतल्या झुडपांत, जिथं बांधकामंही चालू होती. आपल्या शिंप्याची शास्त्रात नोंद १७६९ पासून आहे, त्यामुळे खामल्याच्या झुडपात तसं काही निघायचं नाही. पण जून लागलाय, पहिला पाऊस पडलाय, आणि सीताफळाचं एखादं पान सरळ लटकायच्या ऐवजी द्रोणासारखं वळलेलं दिसलं तर जरा खालून, लांबून बघा.